मास्तरांच्या पिवळ्या गाडीचा दुसरा गिअर

आमच्या भागात ज्याला ज्याला गाडी चालवता येते, त्याला ती मास्तरांनी शिकवलेली आहे. नगरपालिकेतला कारकून, शाळेच्या मुख्याध्यापिका, दातांचे डॉक्टर, खालच्या आळीतला बेकरीवाला, सगळे मास्तरांचे विद्यार्थी. हे लोक रस्त्यावर लगेच ओळखू येतात. मोकळा, सरळ, कुत्रंही नसलेला रस्ता समोर असला तरी हे मधेच कारण नसताना गाडी हळू करतात. कारण मास्तरांचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य असतं, "समजा, समोर आजी आहेत." या आजी कोण, कुठून कुठे निघाल्यात, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण गावातल्या अर्ध्या लोकांना त्या रोज रस्त्यात दिसतात.

मास्तरांची शिकवायची गाडी तुम्ही पाहिली असेलच, म्हणजे तशी एखादी. छपरावर पाटी, चारी कोपरे चेपलेले, आणि डावीकडच्या सीटखाली जादा ब्रेक आणि क्लच. त्या डाव्या सीटवर मास्तरांची हयात गेली. गादीला त्यांच्या बैठकीचा खळगा पडला होता. उन्हाळ्यात डावा हात खिडकीत भाजून काळा, उजवा गोरा. आणि पाय सदैव ब्रेकवर अधांतरी, झोपेतसुद्धा. वहिनी म्हणायच्या, "मी कूस बदलली की हे ब्रेक दाबतात. पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्यात माझ्या."

असा हा सुखी माणूस. त्याच्या सुखात खडा टाकला तो एका कॉलेजच्या मुलीनं. लायसन्स हातात आल्याच्या आनंदात तिनं अगदी निरागसपणे विचारलं, "सर, तुम्ही स्वतः शेवटची गाडी कधी चालवलीत?"

मास्तर आठवायला लागले. घर वर, ऑफिस खाली. सकाळी विद्यार्थी चावी घेऊन बसायचा, संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी गाडी दारात लावून जायचा. स्टिअरिंगला हात लागायचा तो विद्यार्थ्याच्या हातावरून. आणि डावीकडे ब्रेक असतो, क्लच असतो, अ‍ॅक्सिलरेटर मात्र नसतो. म्हणजे या माणसानं आयुष्यभर गाड्या फक्त थांबवल्या होत्या.

त्या रात्री त्यांनी जेवता जेवता वहिनींना विचारलं, "काय गं, मला गाडी चालवता येते का?"

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या. "मी कधी तुमच्या शेजारी बसले? तुमच्या शेजारी सगळा गाव बसला."

झालं. तो प्रश्न मास्तरांच्या डोक्यात जाऊन बसला, आणि तिथून पुढे जे झालं ते या वयातल्या पुरुषांचं जगभर होतं तसंच झालं. आपल्याला चालवता येते की नाही हे पाहायला साधी गाडीही पुरली असती. दारातली होतीच की. पण छे! मास्तरांना हवी होती शर्यतीच्या घराण्यातली. दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली, पाठीवर फळीसारखा पंख असलेली. नवी घ्यायची तर घर विकावं लागलं असतं, म्हणून जुनी. आणि अशा गाड्या जुन्या होतात म्हणजे काय होतात, हा विचार प्रेमात पडलेला माणूस करत नाही. त्या गाडीचे आधीचे तिन्ही मालक पंचविशीच्या आतले होते. तिघांनीही ती "फक्त रविवारी, हळू" चालवली होती, असं विकणारा म्हणाला. मास्तरांनी मान डोलावली. सगळ्यांना मास्तरांनीच शिकवलं असावं, अशी.

आता ट्रायल. इथे मास्तरांकडून जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाकडून होणंच शक्य नव्हतं. विकणाऱ्यानं दार उघडलं, "या, बसा." मास्तर गाडीला वळसा घालून गेले आणि सवयीनं डावीकडे बसले. विकणाऱ्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे पाहिलं आणि आनंदानं उजवीकडे जाऊन बसला.

मग मास्तरांनी परीक्षा घेतली. गाडीची नव्हे, त्या माणसाची! आरसा पाहिला का? पाहिला. हात कसे धरलेत? छान धरलेत. पहिल्या गिअरमध्ये त्यानं गाडी अशी लांबवर ओढली की इंजिन गर्जायला लागलं, आणि तिथून लोण्यातून सुरी फिरावी तसा एकदम तिसरा टाकला. "हिला पहिल्यातच ओढायला आवडतं," तो म्हणाला. मास्तर खूश. वळणावर त्यानं गाडी जवळजवळ थांबवली, पुन्हा पहिला, पुन्हा तिसरा. मास्तरांना वाटलं, काय संयम! मधला एक गिअर हा माणूस जेवणात कारलं बाजूला सारावं तसा सारतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. उलट त्या दिवशी एक नवल घडलं. दुसऱ्याच्या शेजारी बसलेल्या मास्तरांचे पाय आयुष्यात पहिल्यांदा सैल सुटले. ब्रेक शोधेनात. ते मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले.

उतरल्यावर त्यांनी त्या माणसाला "उत्तम!" म्हटलं आणि गाडी घेतली. वर तो भला माणूस गाडी स्वतः चालवत घरपोच आणून देऊन गेला. "तुम्ही कशाला त्रास घेता," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली जमली. पिवळीजर्द गाडी, पांढरा शर्ट घातलेले मास्तर, आणि बाल्कनीत वहिनी. मास्तर पहिल्यांदा उजवीकडे बसले. चावी फिरवली. गाडी अशी गुरगुरली की समोरच्या घरातलं बाळ उठलं. पहिला गिअर टाकला, गाडी निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मास्तरांनी दुसरा टाकला.

कर्रर्रर्र!

"अहो," बाल्कनीतून आवाज आला, "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का कुणाचा?"

पुन्हा प्रयत्न. पुन्हा कर्रर्र. मग बेकरीवाला, ज्याला क्लच सोडायला शिकवताना बसलेल्या हिसक्यांनी मास्तरांच्या मानेला महिनाभर पट्टा लागला होता, तो हळूच म्हणाला, "मास्तर, क्लच पूर्ण दाबलात ना?"

मला वाटतं, मास्तरांना त्या एका वाक्यानं जेवढं लागलं तेवढं त्या गाडीच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांनी लागलं नाही. दुखणी काय, एकेक आलीच. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर गाडी पोटावर अडकली आणि चौघांनी उचलली. टायर बघून टायरवाल्यानं आधी चष्मा काढला, मग मास्तरांना बसायला खुर्ची दिली. गॅरेजवाल्यानं गिअर टाकून पाहिला, डोळे मिटून ऐकला आणि सांगितलं की गिअरची पेटी पूर्ण उतरवावी लागेल, आतले दात झिजलेत, आणि ते दात बनवणाऱ्यांनी बनवायचं केव्हाच थांबवलंय. पण मास्तरांना या कशाचं काही नव्हतं. त्यांना एकच कीड लागली होती. गावाला वाटतंय, मास्तरांनाच गिअर टाकता येत नाही. आणि रात्री बिछान्यात त्यांना स्वतःलाही तसंच वाटायचं.

"विकून टाका," वहिनी म्हणाल्या. "माझी कपडे वाळत घालायची जागा गेलीय. जिन्याखाली ती बया बसलीय आणि चादरी खुर्चीवर वाळतायत."

विकायची तर दुसऱ्या गिअरशिवाय चालवता आली पाहिजे. म्हणून मास्तर पहाटे बाजाराच्या रिकाम्या पटांगणात जायला लागले. पहिला, तिसरा. पहिला, तिसरा. आधी गाडी हिसके खायची, बंद पडायची. मग हळूहळू इंजिनचा सूर कुठवर चढला की गिअर बदलायचा हे हातापायांना कळायला लागलं. भाजीच्या रिकाम्या करंड्या मांडून त्यांनी त्यांच्यामधून वळणं घेतली. घरी यायचे ते शिटी वाजवत.

"विकायलाच निघालायत ना?" वहिनी विचारायच्या. "मग तोंड कशानं एवढं खुललंय?"

गिऱ्हाईक आलं ते दातांचे डॉक्टर. मास्तरांचे जुने विद्यार्थी. त्यांनाही ते वय लागलं होतं. त्यांनी ना बॉनेट उघडलं, ना टायरला लाथ मारली. "मास्तर, तुमची गाडी म्हणजे बघायचं काय त्यात? तुम्ही एक चक्कर मारा, की ठरलं." असं म्हणून ते आपले डावीकडे जाऊन बसले. मास्तरांनी धीर म्हणून मला मागच्या सीटवर घातलं. ती सीट माणसांसाठी नसते. माझे गुडघे कानांना लागले होते, पण सगळं दिसत होतं.

आम्ही निघालो. पहिला, आणि तिसरा. काय सांगू! रेशीम. वळणावर गाडी नदीसारखी वळली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? आम्ही पोरं म्हणायचो, यांना फक्त ब्रेक लावता येतो. तुम्ही तर कलाकार आहात हो!"

मास्तरांचे कान मागून लाल झालेले मला दिसले. ज्या प्रश्नानं वर्षभर छळलं त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि तेसुद्धा साक्षीदारासमोर. आता फक्त घरी जाऊन चावी द्यायची.

पण मास्तर म्हणजे पायांकडे बघणारा माणूस. शेजारचा घाबरलाय की निवांत आहे हे ते चेहऱ्यावरून नाही, पायांवरून ओळखतात. त्यांनी सवयीनं खाली पाहिलं. डॉक्टरांचे पाय सैल पडले होते. बूट बाहेरच्या बाजूला कललेले, डोकं मागे रेललेलं, डोळे मिटलेले.

मास्तरांनी ते पाय पुन्हा एकदा पाहिले. गाडीचा वेग कमी झाला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "डोळे उघडा. आणि हे ऐका."

त्यांनी क्लच पूर्ण दाबला, अगदी तळाला, आणि दुसरा टाकला.

कर्रर्रर्र!

डॉक्टरांचा हात आपोआप स्वतःच्या जबड्यावर गेला. "अरे बापरे! कुठली दाढ आहे ही?"

"दुसरा गिअर. मी घेतली तेव्हापासून असाच आहे."

"काढावा लागेल."

"सगळा जबडाच काढावा लागतो म्हणे."

डॉक्टरांनी जबड्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "न दाखवता विकली असतीत तर मला कळलंही नसतं, मास्तर."

"कळलं असतं की. उद्या सकाळी, बायकोसमोर."

डॉक्टर हसले ते इतके की गाडी हलली. गाडी काही ते घेणार नव्हते. पण ते म्हणाले, "आता परत जायचंच आहे तर लांबच्या रस्त्यानं चला." लांबचा रस्ता म्हणजे तळ्याकाठचा, सरळसोट, रिकामा. मास्तरांनी पहिला टाकला. आणि मग सवयीनं त्यांचा पाय उचलला गेला.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "समोर आजी नाहीयेत."

मास्तरांनी नीट पाहिलं. खरंच नव्हत्या. मग त्यांनी पाय दाबला, आणि पुढचं मला फारसं सांगता येणार नाही, कारण माझे गुडघे तोंडावर आले होते.

आम्ही परतलो तेव्हा जिन्याखाली दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर घरातल्या सगळ्या चादरी एकदम धुऊन टाकलेल्या होत्या. मास्तरांनी गाडी त्यांच्यासमोर आणून थांबवली. वहिनी चिमट्यांची टोपली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"दुसरा टाकलात ना?"

"टाकला."

"मला वाटलंच होतं." असं म्हणत त्यांनी पहिला चिमटा काढला. "आणि बाकी कशी चालवलीत?"

मास्तर लाजले. उत्तर डॉक्टरांनी दिलं, "वहिनी, एकदा बसून बघा."

वहिनींनी ओल्या चादरीचं एक टोक मास्तरांच्या हातात दिलं. "आधी ह्या काढायला लागा. अशा लोंबत्या ठेवून मी कुठेही येणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि बसेन ती डावीकडे. आजवर तिथे बसायला जागाच नव्हती."