शिंपीकाकांची गळकी झडप

शिंपीकाकांना ताप यायचा तो आगंतुक पाहुण्यासारखा. मग काका औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायचे आणि ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायचे. "गोळ्या म्हणजे बटणं. उरली तर पुढे लागतात," असं वर काकूंनाच ऐकवायचे. किडक्या दाढेनं दोरा तोडत त्यांनी दोन महिने असे काढले. सदरा अंगावर लोंबायला लागला, तर म्हणे, "तूच सैल बेतलास."

काकू बेतायच्या, काका शिवायचे. लग्नापासूनचं भांडण समोरासमोर बसून रोज थोडंथोडं पुढे सरकायचं. काकांच्या नखांखाली बारीक लाल रेघा दिसल्या, तेव्हा काकूंनी भांडण अर्ध्यावर टाकून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी छाती बराच वेळ ऐकली.

"काका, हृदयाच्या झडपेबद्दल पूर्वी कुणी काही बोललं होतं?"

"लहानपणी गळकी म्हणाले होते. नळ गळतो म्हणून कुणी घर सोडतं का?"

बाई हसल्या नाहीत. दाढेतले जंतू रक्तातून गळक्या झडपेवर जाऊन बसले असावेत, असा त्यांचा संशय होता. पण अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू नुसते दबले होते, त्यामुळे रक्तात चटकन सापडेनात. पुन्हा पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा सापडले. हृदयाच्या सोनोग्राफीत झडपेला चिकटलेला, हलणारा गोळाही दिसला.

"सहा आठवडे शिरेतून औषध. झडप टिकली तर ऑपरेशन टळेल. मधेच सोडलंत, तर मी काही सांगू शकत नाही."

आठवड्याभरात ताप गेला आणि काकांना घराची ओढ लागली. चादरीची दुमड चिमटीत धरून बसायचे. एकदा समोरच्या रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाले, "कात्री दे गं."

काकू भेटायला आल्या, तर काका चपला घालून तयार.

"चल. बरा झालोय मी."

"अहो, ताप उतरला की बरे होता, हेच करत आलात ना इतके दिवस?"

"इथे करमत नाही."

"कुणावाचून?"

"मशीनवाचून."

"मग मशीनलाच पाठवते उद्या."

सलाईन घेऊन नर्स आली, तेव्हा चपला काढून काकांनी हात पुढे केला.

काकू निघाल्या. काका खिडकीशी उभे राहिले. फाटकापाशी काकूंनी वळून हात केला, पण भलत्याच खिडकीला. तरी काकांनी, सुई नव्हती तो हात, त्या दिसेनाशा होईपर्यंत हलवला.