सुषमा सोडून सगळ्यांना फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही, आणि आता तोही राहिला नाही. तुम्हाला सांगते, कारण हल्ली मला माझंच बोलणं ऐकवत नाही.

इथे कॅनडात, हॅमिल्टनच्या आमच्या मराठी ज्येष्ठांच्या गटात सध्या एकच विषय. क्विबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातला एक पक्ष म्हणतो, निवडून आलो तर कॅनडापासून वेगळं होण्याबद्दल पुन्हा लोकांचं मत घेऊ. लोकांनी दोनदा 'नाही' म्हटलंय — त्याचा मान राखायचा की नाही? सगळ्यांत मोठा आवाज माझा असतो. मी तिथे, क्विबेकमधल्या मॉन्ट्रियलला राहिलेली ना. "आम्ही मत दिलं म्हणून देश एक राहिला," असं बजावून सांगते.

खोटं आहे ते. दुसऱ्या वेळच्या मतदानात मी 'होय'वर, म्हणजे वेगळं होण्यावर, खूण केली होती.

मला ते पटवलं सुषमाने. आम्ही एकाच लॅबमध्ये नोकरीला. तिचे वडील संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेले होते. आपण आपल्या भाषेचं राज्य मागितलं, मग यांनी मागितलं तर काय बिघडलं — असं ती चारचौघांत म्हणायची. मी? फक्त मनात.

'नाही' जेमतेम जिंकलं, आणि आमच्या मराठी बायका सुषमावर उखडल्या. ज्या देशाने घर दिलं तोच फोडायला निघाली, म्हणाल्या. मी मान डोलावली. तेवढ्यावर थांबले असते तरी... पण नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. सगळ्यांना फोन केले, तिला केला नाही. कुणी सांगितलं होतं का मला तसं? कुणीच नाही. मीच घाबरले — ती माझ्या घरात दिसली तर माझंही मत ओळखतील म्हणून.

निकालाचा मान राखावा, हे मला आजही पटतं. पण हरलेल्या बाईचा मी काय मान राखला?

येत्या रविवारी गटात उभी राहून माझं मत सांगणार आहे. त्याआधी सुषमाला फोन करणार — मीही 'होय'च म्हटलं होतं, एवढं सांगायला; माफी मागायला नाही, तो हक्क मला नाही.

त्या हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्याकडे बायका जमल्या असताना तिचाच फोन आला होता.

"अगं, यंदा हळदीकुंकू कुठल्या वीकेंडला ठेवलंयस?"

"यंदा करतच नाहीये," मी म्हणाले.

माझ्यामागे उखाणे चालले होते, बायका हसत होत्या. तिला सगळं ऐकू जात होतं. "बरं," म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.