वळून बोलणं

परवा सकाळी बायको पोळ्या करत होती. तिला मला काही सांगायचं होतं, तर तिने गॅस बारीक केला, पूर्ण माझ्याकडे वळली आणि मगच बोलली. एरवी आमचं निम्मं बोलणं पाठमोरंच होतं. मी हसलो, तर म्हणाली, "अहो, आता सवयच लागलीय."

ती शाळेत शिकवते. तिच्या तिसरीच्या वर्गातल्या सायलीला कमी ऐकू येतं. अशा मुलांना कसं शिकवावं, याचा ऑनलाइन कोर्स बायकोने स्वतःहून केला. सलग बसायला वेळ कुठला? कुकर होईतो थोडा, एसटीत थोडा, नाही कळलं की व्हिडिओ पुन्हा मागे नेऊन. त्यातून तिला उमगलं, की सायली ओठ पाहून ऐकते. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की तिचा तेवढा धडा बुडतो. इतकी वर्षं शिकवल्यावरही माणसाला असं नव्याने शिकावंसं वाटतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

काल तिचा घरी विसरलेला डबा द्यायला शाळेत गेलो. बाईंनी वर्गाकडे वळून प्रश्न विचारला आणि सायलीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मी दारातच थबकलो.

"कोण हवंय आपल्याला?" मागून एका शिक्षकांनी विचारलं.

"मी या बाईंचा नवरा," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.