अप्पांचं गंध आणि माझी यादी

आमचा कम्प्युटर अप्पांनी बिघडवला नव्हता. तो मी जाळला. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण हे मी बायकोला, बहिणीला, कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या नात्यागोत्यात तंजावरापासून पापनाशमपर्यंत सगळ्यांना दुसरीच गोष्ट ठाऊक आहे. एका माणसानं पूजेत कम्प्युटरला न्हाऊ घातलं, ही ती गोष्ट. तो माणूस म्हणजे माझे वडील, आणि ती गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगणारेही तेच.

सुरुवात यादीपासून करायला हवी. पाप यादीतच झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या वाचनालयात कम्प्युटरचं एक मासिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानांवर बारीक टायपात सुट्या भागांचे भाव असत. ती पानं मी दर महिन्याला झेरॉक्स करून आणायचो आणि दुपारी ओट्यावर उताणा पडून वाचायचो. समोरच्या घरातून कुणीतरी वीणा जुळवत असायचं, तार चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. माझ्या डोक्यात त्या सुरावर एक यंत्र बांधलं जायचं. हा प्रोसेसर, त्याला हा मदरबोर्ड, चौसष्ट एमबी रॅम. मग रॅम अर्धी करून वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवायचे. जमेना म्हणून पुन्हा सगळं मोडायचं. अशी शेकडो यंत्रं मी बांधली असतील. एकालाही मी हात लावलेला नव्हता. डोळे मिटले की ती पाण्याखालच्या दिव्यांसारखी हलत राहायची.

हे सगळं एका गेमसाठी होतं, हे उघड सांगतो. मित्राच्या भावाकडे ती एकदा पाच मिनिटं पाहिली होती. बर्फातून जाणारा रस्ता आणि त्यावर एक लाल मोटार. बर्फ मी जन्मात पाहिलेला नव्हता. आमच्याकडे थंडी म्हणजे मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या महिन्यात आईनं अंगावर घेतलेली एक शाल. पण त्या पाच मिनिटांत मला बर्फाचा वास आला होता. तो रस्ता साध्या कार्डावर नुसता तुटक-तुटक दिसायचा. त्याला खास कार्ड लागायचं.

अप्पा कालव्यांच्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. कावेरीचे फाटे, पोटफाटे, त्यांच्या मोऱ्या, सगळं त्यांनी तीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलं. कागद खिडकीशी उजेडात धरायचे तेव्हा नदी आणि तिची सगळी पोरं हवेत तरंगताना दिसायची. मग ऑफिसात काचेची खोली झाली, खोलीत एसी बसला, एसीखाली कम्प्युटर आला. अप्पांचा ड्रॉइंग बोर्ड व्हरांड्यात गेला. वर्षभर त्यांनी व्हरांड्यात काढलं आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली.

ओरत्तनाडूचा एक काँट्रॅक्टर त्यांच्या ओळखीचा होता. तो घरी येऊन तमिळमध्ये म्हणाला, “सार, वर्षाला दहा घरं बांधतो मी. दहाही नकाशे तुम्हाला देतो. पण लोकांना आता कम्प्युटरचा नकाशा पाहिजे. हातानं काढलेला दाखवला तर विचारतात, जुना माल आहे का? विजयादशमीला नव्या कामाचा मुहूर्त करतो. तेव्हा पहिला नकाशा हातात द्या.”

तो गेल्यावर अप्पा ओट्यावर येऊन बसले. मग मला हाक मारली. आम्ही पिढ्यान्पिढ्या तंजावरात राहिलेले मराठी; आमच्या घरची मराठी जुन्या वळणाची, तिच्यात तमिळ घरच्यासारखं वावरतं.

“तुजला यातलं कळतं ना रे?”

“कळतं अप्पा.”

“पन्नास हजार काढून ठेवलेत. त्यात बसव. मजला बाकी काही नको, रेघ सरळ आली म्हणजे पोदुम.”

पोदुम म्हणजे पुरे. अप्पांना कशातही तेवढंच पोदुम असायचं.

पहिली यादी मी प्रामाणिकपणे केली होती. नकाशाच्या कामाला सतरा इंची मॉनिटर, चांगल्या पॉवर सप्लायचं मजबूत कॅबिनेट, दिवसातून चारदा वीज जाते म्हणून यूपीएस, आणि कार्ड साधंच. पन्नासच्या आत बसत होती. ती यादी दोन दिवस माझ्या उशीखाली होती. तिसऱ्या दिवशी मी दुसरी केली. मॉनिटर चौदा इंची झाला. यूपीएस गेला. कॅबिनेट सगळ्यांत स्वस्त, त्याच्यासोबत जो पॉवर सप्लाय येईल तो. त्या डब्यावर कंपनीचं नावसुद्धा नसायचं. आणि यादीच्या मधोमध, भरल्या घरात पाहुणा बसावा तसं, ते कार्ड बसलं. बेरीज दोन्ही याद्यांची जवळजवळ तीच.

अप्पांनी चष्मा लावून यादी वाचली. मराठी आम्ही बोलायचो फक्त. लिहिणं इंग्रजीत नाहीतर तमिळमध्ये. ही इंग्रजीत होती. त्यांचं बोट त्याच ओळीवर थांबलं.

“हे काय? सगळ्यांत महाग हेच आहे.”

“ग्राफिक्स कार्ड. नकाशे म्हणजे ग्राफिक्सच ना अप्पा. हे नसलं तर रेघा नीट येत नाहीत.”

“वाकड्या येतात?”

“हो. दातेरी.”

“अय्यो, मग पाहिजेच,” अप्पा म्हणाले. आतून आईनं विचारलं, “दात कोणाचे मोडले?” अप्पा हसले. पेन काढून त्यांनी यादीच्या डोक्यावर पिळ्ळैयारची खूण काढली. किराण्याची चिठ्ठी असो की कालव्याचा नकाशा, गणपतीची ती वळणदार खूण काढल्याशिवाय त्यांचा कागद सुरू होत नसे. माझ्या खोट्यावर त्यांनी गणपती बसवला, आणि तो कागद घेऊन मी चेन्नईला गेलो.

माउंट रोडच्या मागच्या गल्लीत जाऊन सगळं आणलं. परतीच्या बसमध्ये मॉनिटरचं खोकं माझ्या मांडीवर होतं, पाय बधिर झाले होते, खिडकीबाहेर भातशेतं हिरव्या धुक्यासारखी सरकत होती. कार्डाची पेटी मी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली होती. गावातल्या एका मेकॅनिकनं सगळं जोडून दिलं. पडदा उजळला तेव्हा आईनं कापूर लावला.

अप्पा शिकले. पंचावन्नाव्या वर्षी, चौदा इंची पडद्याला नाक लावून शिकले. डोळ्यांतून पाणी यायचं, ते धोतराच्या सोग्यानं पुसायचे. माउसला ते सरळ उंदीर म्हणत. “गणपतीनं याला इतकी वर्षं सांभाळलं,” म्हणायचे, “मजला एक महिन्यात कसा वश होईल?” पण झाला. ओरत्तनाडूचं पहिलं घर पडद्यावर हळूहळू उठू लागलं. ओटा, मधला चौक, मागं विहीर. रेघ पूर्ण झाली की अप्पा मला बोलवायचे. “ये, बघ. दातेरी नाही. तुझं कार्ड खरंच चांगलं रे.”

संध्याकाळी ते फिरायला गेले की मी बर्फात जायचो.

नवमी आली. आमच्याकडे नवमीला सरस्वतीची आणि आयुधांची पूजा असते. पुस्तकं, अवजारं, ज्यावर आपलं पोट चालतं ते सगळं देवीपुढं मांडायचं, गंध-कुंकू लावायचं, आणि दशमीला सकाळी पूजा उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. अप्पांनी त्यांचा कंपास मांडला, रेघा ओढायचा टी-स्क्वेअर मांडला, आईची विळी आणि खवणी मांडली, माझी कॉलेजची पुस्तकं रचली. कम्प्युटर जड, म्हणून तो टेबलावरच राहिला; टेबलाला केळीची पानं बांधली. अप्पांनी चंदन जरा पातळच उगाळलं होतं. त्यांनी बोटानं मॉनिटरला गंध लावलं, उंदराला लावलं, मग कॅबिनेटच्या माथ्यावर तीन बोटांचा पट्टा ओढला. हवा खेळायच्या जाळीपाशी एक थेंब ओघळला. त्यांनी तो पंच्यानं टिपला. वर मोगऱ्याची माळ घातली. “उद्या तुझीच परीक्षा,” असं ते कम्प्युटरला म्हणाले. नकाशा पुरा झाला होता, दशमीला फक्त छापून आणायचा होता. त्याची दुसरी प्रत फ्लॉपीवर काढायचं माझ्यावर सोपवलं होतं. मी काढली नव्हती.

दुपारी सगळे तिरुवैयारूला मावशीकडे कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला गेले. मी पोट दुखतं म्हणालो. घर निवांत झालं. पंखा फिरत होता, मोगऱ्याचा आणि चंदनाचा वास साचून राहिला होता.  मग मी ती माळ उचलून खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

दोन तास खेळलो. हे मुद्दाम लिहितो आहे. गंध वाळून खडखडीत झालं होतं, आणि त्यानंतर ते यंत्र दोन तास उत्तम चाललं. बर्फ दोन्ही बाजूंनी मागं पळत होता, मला हातपाय नव्हते, तंजावर नव्हतं, ऊनही नव्हतं. मग पंखा मंदावला. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि जोरात आली. कॅबिनेटच्या पाठीमागून, तो बिननावाचा डबा होता तिथून, फट् असा आवाज झाला. पडदा काळा पडला. धुराची एक बारीक दोरी वर चढली आणि चंदनाच्या वासात जळक्याचा वास मिसळला. मी प्लग काढला, खिडक्या उघडल्या आणि माळ होती तशी पुन्हा वर घातली. रात्री आईनं विचारलं, “पोट कसं आहे?” मी म्हटलं, “बरं आहे.”

दशमीला सकाळी अप्पा ओलेत्यानं पूजेला बसले. काँट्रॅक्टर जरीकाठी धोतर नेसून, केळी आणि विड्याची पानं घेऊन आला होता. अप्पांनी पूजा उतरवली, नमस्कार केला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

मेकॅनिक आला. त्यानं कॅबिनेट उघडलं, आत वाकून बघितलं. जाळीच्या आतल्या कडेला चंदनाची वाळलेली पिवळी रेघ होती, करंगळीच्या नखाएवढी. तो मोठ्यानं हसला.

“सार, अभिषेक केलात का? पाणी आत गेलंय. पॉवर सप्लाय गेला, बोर्ड गेला, हार्ड डिस्क पण गेली.”

“मी तर टिपलं होतं,” अप्पा म्हणाले.

“देवाला चालतं सार. मशीनला नाही चालत.”

काँट्रॅक्टरही हसला, पण त्याचा विचार ठरलेला दिसत होता. मुहूर्तालाच असं झालेलं काम तो घेणार नव्हता. पानं-केळी मात्र त्यानं आईच्या हातात दिली. अप्पा आपली तीन बोटं अंगठ्यानं चोळत उभे होते. बोटांवर कालचा पिवळेपणा अजून होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मजला तू सांगायचंस रे, पाणी लावू नका म्हणून,” ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारावं तसं.

मी म्हणालो, “मला वाटलं नाही अप्पा, तुम्ही इतकं लावाल.”

हे वाक्य माझं आहे. त्या घरात ते मी उच्चारलं.

दुसरं यंत्र घेणं झालं नाही. अप्पांनी पुढं तांदळाच्या गिरणीत हिशेब लिहिले. टी-स्क्वेअर माळ्यावर गेला. कार्ड मात्र वाचलं होतं. ते मी कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मित्राकडे नेलं, त्याच्या मशीनमध्ये बसवलं आणि त्यावर दोन वर्षं खेळलो. मग पुण्याला नोकरी लागली. तिथं सव्विसाव्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचत देवनागरी शिकलो.

अप्पा आता ऐंशीच्या पुढं आहेत. नवमीला अजून पूजा करतात, पण कुठल्याही यंत्राला गंध लावत नाहीत. यंत्रापुढं एक कागद ठेवतात आणि गंध त्या कागदाला लावतात. शेजारी कुणी नवा मोबाइल आणला की काठी टेकत जाऊन बजावून येतात, “गंध लावू नका. मी एकदा फसलोय.” लग्नाकार्यात पोरं घेरतात. “आजोबा, तो कम्प्युटरला न्हाऊ घालणारा माणूस कोण हो?” मग ते उभं राहून नक्कल करतात, तीन बोटं हवेत ओढून. सगळे हसतात. मीही हसतो. गेल्या लग्नात नक्कल झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले, आणि लोक पांगल्यावर हळूच म्हणाले, “थोडंच लावलं होतं रे. टिपलं पण होतं.”

मी त्यांना पाणी आणून दिलं.

हे सगळं मी देवनागरीत लिहिलं आहे आणि अप्पांना देवनागरी वाचता येत नाही, हे लिहिताना मला ठाऊक होतं. म्हणजे अजून काही सांगून झालेलं नाही. त्यांच्यासमोर बसून, आमच्या घरच्या मराठीत, त्यांच्या बोटांचा काही दोष नव्हता एवढं तोंडी सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो. ते अजून बाकी आहे.