ओपारामचे कडुनिंब

ओपारामला कुणी वाईट म्हणणार नाही. वाईट असायलाही थोडी अक्कल लागते. फलोदीच्या बाजारात खिळे-बिजागऱ्या विकून त्याने चार पैसे गाठीला बांधले, बाप वारला आणि याला अचानक गावाचं भलं करायची उबळ आली. बापाच्या नावाने त्याने आमच्या तळ्याभोवती कडुनिंब लावले, दाटीवाटीने. आम्ही बिश्नोई, हिरवं झाड तोडणं आमच्या धर्मात पाप. झाड लावणाऱ्याला आमच्यात कोण अडवणार? सरपंचाने हार घातला, तो याने दिवसभर गळ्यातून काढला नाही.

बोलली ती एकटी सुगनी काकी. थंडीत लांब मानेच्या कुरजा तळ्यावर उतरतात, त्यांना ती सासूच्या काळापासून ज्वारी टाकते. मूलबाळ नाही, वर्षभर ती त्या पाखरांचीच वाट बघते.

"ओपा, कुरजांना चहूकडे मोकळं लागतं रे. कुत्रं लांबून दिसलं तरच त्या खाली टेकतात."

"पाखरांना झाड नको? काकी, तुझं आपलं काहीतरीच!"

"अरे, त्या झाडावर बसतच नाहीत मेल्या!"

"होईल सवय."

झाडं फोफावली, तीही तळ्याचंच पाणी पिऊन. यंदा कुरजांचे थवे आले, वरच्या वर घिरट्या घालून निघून गेले. काकी ज्वारी पसरून उन्हात बसून राहिली. शेवटी तहानलेल्या चार-दोन उतरल्या, आणि निंबांच्या सावलीत लोळणाऱ्या कुत्र्यांनी त्यातली एक फाडली. बाकीच्या पुन्हा दिसल्या नाहीत.

काकीने मेलेली कुरजा ओढणीत गुंडाळून ओपारामच्या दारात नेली. "आता तरी तोड ती झाडं!"

त्याने कानाला हात लावले. "हिरवं झाड? बिश्नोई ना तू, काकी? आपल्या पूर्वजांनी झाडांसाठी माना दिल्या."

काकीने ओढणीची गाठ पुन्हा आवळली. कुऱ्हाड तिच्याही हातून उचलली गेली नसती. एवढं मात्र त्या शहाण्याला बरोबर कळत होतं.

आमच्या रीतीप्रमाणे पाखराला माती द्यायचं ठरलं. तळ्याचा उरलासुरला मोकळा काठ होता, तिथे खड्डा खणला. ओपारामने भाषण ठोकलं, डोळेही पुसले. मला तर तिथेच थुंकावंसं वाटत होतं. माती लोटून झाल्यावर त्याने पिशवीतून कडुनिंबाचं रोप काढलं आणि त्याच जागी लावलं.

सगळ्यांनी हात जोडले. काकीनेही.