शेषरावांची गाडी चढावर दम का सोडते

देऊळघाटच्या शेषरावांची पिकअप ज्याच्या लग्नात, आजारपणात किंवा बदलीत धावून आली नाही, असा माणूस आमच्या भागात दाखवा. त्याला चहा मी पाजीन. डिझेलवर चालणारी ही गाडी इतकी जुनी आहे की तिचा मूळ रंग कोणता, यावर गावात अजून वाद होतात. ती देऊळघाटहून निघाली की तिचा आवाज बुलढाण्यात माझ्या बायकोला, प्रतिमाला ऐकू येतो, आणि शेषराव दारात उभे राहीपर्यंत चहा उकळून तयार असतो.

शेषरावांचा स्वतःचा आवाज गाडीच्या वर एक पट्टी. मिशा भरघोस, आत्मविश्वास त्याहून भरघोस. इंजिनात बिघाड झाला की ते बॉनेटवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि वैद्यासारखे निदान सांगतात. ते निदान आजवर एकदाही बरोबर निघालेलं नाही. पण सांगण्याचा थाट असा, की मेकॅनिकलाही आधी तेच तपासून बघावं लागतं. माझ्या प्रत्येक बदलीत आमचा संसार याच माणसाने हलवला. वाटेत एक कपसुद्धा फुटला नाही. जे फुटलं ते आम्ही घरात, सावकाश, स्वतःच्या हाताने फोडलं.

तर यंदा या गाडीला एक विचित्र दुखणं जडलं. निघताना वाघीण, आणि बरंच अंतर कापलं की म्हातारी. पाय खाली दाबला तरी वेग येईना, चढावर तर सायकलवाले मागे वळून बघत पुढे जायचे. थोडी विश्रांती दिली, इकडेतिकडे बघितलं, की पुन्हा वाघीण. शेषरावांनी तळहात ठेवून आधी हवेचा फिल्टर सांगितला, मग डिझेलचा, मग पंप. सगळं बदललं, साफ केलं. बुलढाण्याचे मेकॅनिक शंकरराव वैतागले. त्यांच्यापुढे उभी राहिली की गाडी अगदी ठणठणीत.

"तुमची गाडी माह्यासमोर नाटक करते, शेषराव," ते म्हणाले. "दवाखान्यात आलं की ताप उतरते, तसं."

इकडे शेषरावांचा मुलगा गजेंद्र संभाजीनगरहून फोनवर मागे लागला होता. "बाबा, गिऱ्हाईक तयार हाय. विकून टाका. तुमी वाटेत कुठं अडकले तं मी काय करू?"

शेषरावांनी मुदत मागितली. "रमाकांतभाऊचं सामान लोणारले नेऊन देतो. न थांबता चढ चढली तं ठेवतो. नाही चढली तं तू म्हणशील तसं."

रमाकांतभाऊ म्हणजे मी; माझी लोणारची बदली ही त्या गाडीची परीक्षा झाली. आणि गाडी गेली की शेषरावांनी ओट्यावर बसून काय करायचं, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही, पण मिशा त्या दिवसांत खाली आल्या होत्या.

आमचं लोखंडी कपाट, पलंग आणि प्रतिमाच्या तुळशीच्या कुंड्या चढवल्या. प्रतिमा बसने पुढे गेली. पुढच्या सीटवर शेषराव, मी आणि मध्ये गीताबाई. शेषरावांच्या या मंडळींचं लोणच्यात मोठं नाव. त्यांच्या बरणीला वर्षानुवर्षे बुरशी लागत नाही, कारण बरणीचं तोंड त्या अशा बांधतात की मुंगीने आत जायचं तर परवानगी काढावी.

चिखली मागे पडली आणि पुढच्या चढावर गाडीने दम सोडला.

"काऊन वं बाई, आजच?" शेषराव गाडीला म्हणाले.

"माह्याशी बोलून राह्यले का?" गीताबाईंनी विचारलं.

"तू कुठं थांबते? तू तं चालूच राह्यते!"

"डिझेल तं हाय न टाकीत?" म्हणत त्या खाली उतरल्या. टाकीचं मूळ झाकण उन्हाळ्यात कुठेतरी पडलं होतं. रस्त्याच्या कामाची धूळ आत जाऊ नये म्हणून गीताबाईंनी जाड प्लास्टिक घालून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली होती. पट्टी सोडताच 'सुस्स' झालं. डिझेल भरपूर होतं. त्यांनी पुन्हा तितकंच घट्ट बांधलं. गाडी निघाली ती वाघीण होऊन.

मेहकरच्या पुढे, सुलतानपूर जवळ येताना, पुन्हा तेच. या वेळी शेषरावांनी बॉनेटवर तळहातही ठेवला नाही. ते बघून मला खरी भीती वाटली.

गीताबाई पुन्हा उतरल्या, आणि टाकीपाशीच थबकल्या.

"अहो, इकडं या जरा. हे पाहा, प्लास्टिक कसं आत गेलं! उपाशी माणसाच्या पोटावानी."

आम्ही वाकून पाहिलं. प्लास्टिक टाकीच्या तोंडात खोल ओढलं गेलं होतं. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. डिझेल जसं खर्च व्हायचं, तशी तेवढी हवा त्यातून आत शिरायची. इथे हवेला वाटच नव्हती. टाकी आतून ओढून धरत होती आणि इंजिनाला घोटभर डिझेल मिळणं मुश्कील झालं होतं. आणि शंकररावांसमोर गाडी शहाण्यासारखी का वागायची, तेही कळलं. ते आधी टाकी उघडून डिझेल बघायचे.

"अव माय! मीच गळा घोटला व हिचा," गीताबाई म्हणाल्या. चेहरा रडवेला.

त्यांनी पिशवीतला सुती कपडा काढला, प्लास्टिक फेकलं आणि कपडा हलक्या हाताने बांधला. लोणारपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. चढ आला की शेषराव माझ्याकडे बघायचे आणि मी कपाटाकडे. कपाटसुद्धा खूश दिसत होतं.

लोणारला पोचताच गजेंद्रचा फोन. "काय झालं, बाबा?"

"पोचलो. झाकणाची भानगड होती, हवेले भोकच नव्हतं. माहीच चूक. मीच बरोबर पाह्यलं नाही."

गीताबाईंनी फोन हिसकला. "खोटं बोलून राह्यले रे तुहे बाबा! मी बांधलं होतं."

"अन् तू बांधलं म्हणूनच," शेषराव फोनकडे तोंड करून ओरडले, "उन्हाळाभर एक कण धूळ गेली नाही टाकीत! शंकरराव म्हणे, एवढी साफ टाकी आपण पाह्यली नाही. ऐकलं का बे गजेंद्र?"

मग गजेंद्र म्हणाला, "गिऱ्हाईकाले नाही म्हणून सांगतो. येताना भोकवालं झाकण आणतो."

शेषरावांनी मोठ्याने नाक शिंकरलं. प्रतिमाने सगळ्यांना पोहे वाढले. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर शेषराव म्हणाले, "भाऊ, पोहे गार होऊन राह्यले."

सामान लावून झाल्यावर ते निघाले. कोपऱ्यावर एका शेजाऱ्याने हात करून विचारलं, "काका, गाडी रिकामीच जाऊन राह्यली का?"

"रिकामी कुठं हाय बे," शेषराव म्हणाले, "मालकीण बसली न माही!"