विषूचिकेची दवंडी

आमच्या खापा गावातला पहिला बी.ए. मी. म्हणून नागपूरच्या आरोग्य कॉलेजात व्याख्यानांच्या सूचना लिहायचं काम मला मिळालं. "येत्या रविवारी विषूचिका-प्रतिबंधावर सचित्र व्याख्यान" हे वाक्य तर माझं मलाच फार आवडलं होतं.

ते इतवारी पेठेत पुकारायला एक दवंडीवाला आला. गळ्यात डफडं, कानामागे विडी. नाव मी विचारलं नाही, मी बी.ए. होतो ना. काही कळलं नाही की तो डफड्याच्या काडीनं कान खाजवायचा. तसा खाजवून म्हणाला, "हे म्हंजे काय जी, बाबूजी?"

"पटकी. पाणी उकळून प्या, असं डॉक्टर सांगणार आहेत," मी वैतागून म्हणालो.

रविवारी सभागृहात डॉक्टरसाहेब, मी आणि खुर्च्या. साहेबांनी खुर्च्यांना तासभर समजावलं आणि जाताना मला दुसरी नोकरी बघायला सांगितलं.

सोमवारी मी दवंडीवाल्याला बोलावलं. रागात माझी पुस्तकी भाषा गळून पडली. "काय पुकारलं गा तू?"

"पटकी आली, पानी उकळून प्या, म्हनलं. बाया पानी उकळून राहिल्या. सभेले कोन येईन?"

"अन् माही नोकरी?"

"मानसं वाचवाची का खुर्च्या भराच्या, बाबूजी?"

कोपऱ्यातल्या माठातलं पाणी मी त्याच्यापुढे केलं. त्यानं पेला घेतला, काडीनं कान खाजवला.

"उकळलं हाये का जी?"

त्या माठातलं पाणी मी आणि डॉक्टरसाहेब दोन वर्षं तसंच पीत होतो.